चित्रही वाचावे लागते

हिंगण्याच्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. आमच्याकडे कान्होलीबारा, टाकळघाट अशा गावांतून मुलेमुली येतात. काहींच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी ती पहिलीच. या मुलांना वाचता येते, यात शंका नाही. पण दिवसभरात ती अक्षरांपेक्षा चित्रेच अधिक पाहतात. मोबाईलवर येणारे फोटो, चित्रफिती, आलेख, नोकरीच्या जाहिराती. ही चित्रे त्यांना वाचता येतात का?

चित्र वाचण्याच्या या क्षमतेला दृश्यसाक्षरता म्हणतात. अमेरिकेत जॉन डेब्स यांनी १९६९ मध्ये ही संज्ञा मांडली. तिथल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संघटनेने २०११ मध्ये विद्यार्थ्यांसाठी तिचे निकषही ठरवले. शब्द परदेशी असला तरी गरज आपल्या दाराशी आलेली आहे.

धुळे जिल्ह्यातले राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्या वर्षी अशा अफवांसोबत देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरचे दोघे जण रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, एवढेच तिच्यात दिसे. मूळ चित्रफीत कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली होती. तिच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला. उरलेले दृश्य खरे होते. अर्थ मात्र उलटा झाला.

म्हणूनच आम्ही वाचनकक्षात तासाभराचा एक उपक्रम घेतो. त्याला महागडी साधने लागत नाहीत. एकाच दिवसाची चार वर्तमानपत्रे टेबलावर ठेवायची. एकाच घटनेची छायाचित्रे शोधायची आणि खालच्या ओळींवर कागदाची पट्टी लावायची. मग फक्त जे दिसते तेवढेच लिहायचे. मुले पटकन लिहितात, ‘संतापलेला जमाव’. मी विचारते, संताप कुठे दिसला? पुन्हा पाहिल्यावर उत्तर येते: वीसेक माणसे, दोघांचे हात वर, मागे एसटी. दिसणे आणि समजून घेणे यांतले अंतर इथे कळते. पट्टी काढली की त्याच चित्राला शब्दांनी कसे वळण दिले, तेही कळते.

नंतर आलेख. समजा, एका परीक्षेचा निकाल ५० टक्क्यांवरून ५४ टक्के झाला. उभी मोजपट्टी शून्यापासून सुरू केली, तर दोन्ही खांब जवळजवळ सारखे दिसतात. तीच ४६ पासून सुरू केली, तर पहिला खांब चार घरांचा आणि दुसरा आठ घरांचा. ‘मॅडम, हे तं दुप्पट दिसून राह्यलं!’ असे एक मुलगा म्हणाला होता. आकडा एकही खोटा नाही, पण डोळा फसतो.

मग नकाशा. जगाच्या अनेक भिंती-नकाशांत ग्रीनलंड भारतापेक्षा कितीतरी मोठे दिसते. प्रत्यक्षात ग्रीनलंडचे क्षेत्रफळ सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर आणि भारताचे सुमारे ३२.९ लाख. मर्केटरने १५६९ मध्ये ही पद्धत काढली ती खलाशांना दिशा अचूक मिळावी म्हणून. त्यात ध्रुवांकडचे प्रदेश ताणले जातात. चित्र कुणी, कुणासाठी आणि कोणत्या कामासाठी केले, हे विचारायची सवय मुलांना यातून लागते.

कुणी म्हणेल, हे काम ग्रंथालयाचे कसे? आपल्या इतिहासातच याचे उत्तर आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणले. तिथल्या ग्रंथालय खात्यात दृश्य शिक्षणाची स्वतंत्र शाखा होती. काचेवरची चित्रे पडद्यावर दाखवणारा मॅजिक लँटर्न आणि सिनेमा ती गावोगाव नेत असे. अक्षरओळख नसलेल्यांपर्यंत ज्ञान पोहोचावे, हा हेतू. तेव्हा चित्रे कमी होती, म्हणून ती दाखवावी लागत. आज ती अमाप आहेत, म्हणून निवडून पाहायला शिकवावे लागते.

शिवाय ग्रंथालयात चित्र एकटे नसते. त्याच्याभोवती पुस्तक असते, लेखकाचे नाव असते, वर्ष असते. मोबाईलवर चित्र हे सगळे गमावूनच येते. आता कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली चित्रे आली आहेत. हाताची बोटे मोजून खोटे ओळखण्याचा उपाय पुरत नाही. त्यामुळे चित्रातले दोष हुडकण्यापेक्षा त्याचा उगम शोधण्यावर आमचा भर असतो. हे चित्र आधी कुठे आले होते? आणखी कुणी प्रसिद्ध केले आहे? चौकटीबाहेर काय राहिले असेल?

एक धोका मात्र सांगायलाच हवा. दोन-तीन तासिकांनंतर काही मुले म्हणू लागतात, ‘सगळंच खोटं असते.’ ही साक्षरता नव्हे. सगळे खरे मानणारा आणि सगळे खोटे मानणारा, दोघेही शोध घेण्याचे कष्ट टाळतात. नोकरीच्या बनावट पत्रावरचे बोधचिन्ह ओळखता यावे आणि खऱ्या पत्रावर विश्वासही ठेवता यावा, एवढे शहाणपण या मुलांना मिळायला हवे. एमआयडीसीच्या शेजारी राहणाऱ्या मुलांसाठी हा पोटापाण्याचा प्रश्न आहे.

चार वर्तमानपत्रे, एक नकाशासंग्रह, कागदाच्या पट्ट्या आणि एक तास. गावच्या सार्वजनिक वाचनालयालाही हे परवडेल. आणि घरी? मोबाईलवर आलेले चित्र पाहून राग किंवा भीती दाटून आली, तर पुढे पाठवण्याआधी एवढेच विचारावे: याचा शेवट मी पाहिला आहे का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)