गाठींचा रोग

सकाळी धार काढायला गेलेला माणूस गाईच्या पाठीवरून हात फिरवतो आणि दचकतो. काल गुळगुळीत असलेल्या कातडीवर आज लहानमोठ्या गाठी हाताला लागतात. गाईचे अंग तापलेले असते. डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत असते. पुढे टाकलेल्या वैरणीला तिने तोंडही लावलेले नसते. 2022 च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यातील कितीतरी गोठ्यांत असे दृश्य दिसले. हा रोग म्हणजे लम्पी त्वचारोग.

लम्पी हा विषाणूमुळे होणारा रोग आहे. मेंढ्यांना आणि शेळ्यांना होणाऱ्या देवीचा विषाणू याचा जवळचा नातेवाईक. देवी म्हणजे उर्दूत आपण ज्याला चेचक म्हणतो तो रोग. लम्पी प्रामुख्याने गाईबैलांना होतो, म्हशींना कमी प्रमाणात होतो. माणसांना तो होत नाही. त्या वर्षी काही लोकांनी भीतीने दूध घेणे बंद केले होते. पण उकळलेल्या दुधापासून हा रोग होण्याची भीती नाही.

हा रोग प्रथम 1929 साली आफ्रिकेतील झांबिया देशात दिसला. सुरुवातीला लोकांना वाटले, जनावरांनी काहीतरी विषारी खाल्ले असावे. तो संसर्गाने पसरतो हे पुढे अनेक वर्षांनी कळले. 1989 मध्ये तो आफ्रिकेबाहेर इस्राएलमध्ये पोहोचला. 2019 मध्ये तो भारतात, ओडिशात आढळला. ऑगस्ट 2022 मध्ये जळगाव जिल्ह्यातील चिनावल गावी त्याची जनावरे सापडली आणि थोड्याच दिवसांत तो आपल्या जिल्ह्यातही आला.

हा विषाणू एवढा प्रवास कसा करतो? त्याची वाहने दोन. पहिले वाहन म्हणजे चावणाऱ्या माशा, डास आणि गोचीड. एका रोग्याला टोचलेली सुई स्वच्छ न करता दुसऱ्याला टोचावी, तसे माशी करते. आजारी गाईला चावून ती शेजारच्या गोठ्यातील निरोगी गाईला चावते. माशी फार लांब जात नाही. लांबचा प्रवास घडवतो तो माणूस. तो आजारी जनावर बाजारात नेतो, गाडीत घालून दुसऱ्या तालुक्यात पाठवतो. म्हणूनच त्या वर्षी जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले.

लम्पीने बहुतेक जनावरे मरत नाहीत, पण ती खंगतात. दूध आटते, पाय सुजतात, गाभण गाय गाभडते. गाठी फुटून जखमा होतात. ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबाचा बैल ऐन हंगामात बसला, तर त्याची गाडीही थांबते आणि चूलही.

विषाणूला मारणारे औषध नाही; ताप आणि जखमा यांवर उपचार करता येतात. खरा आधार लसीचा. 1796 मध्ये एडवर्ड जेन्नर यांनी गाईच्या देवीच्या साहाय्याने माणसाला देवीपासून वाचवले. 2022 मध्ये शेळ्यांच्या देवीची लस टोचून गाईंना लम्पीपासून वाचवण्यात आले. नातेवाईक विषाणूंची ओळख अशी उपयोगी पडते. राज्य शासनाने ही लस मोफत दिली.

तरीही एक गोष्ट लसीने होत नाही. ती आपल्यालाच करावी लागते. काही जण आजारी जनावर लपवतात. गिऱ्हाईक दूध घेणार नाही, जनावर विकले जाणार नाही, ही भीती त्यांना वाटते. भीती खोटी नाही. पण आपण लपवले तरी माशीला कुंपण आडवे येत नाही. आपल्या गोठ्यातील रोग आठ-पंधरा दिवसांत शेजाऱ्याच्या गोठ्यात दिसू लागतो. 2009 च्या कायद्याप्रमाणेही अशा रोगाची खबर देणे मालकाचे कर्तव्य आहे.

म्हणून गाठ दिसताच जनावर वेगळे बांधावे. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. गोठा कोरडा व स्वच्छ ठेवावा, माशा आणि गोचीड यांचा बंदोबस्त करावा. जनावर दगावल्यास ते उघड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे.

घरातील मोठी माणसे कामात असली, तर गाठ आधी आपल्याच हाताला लागेल. त्या वेळी गप्प न बसता घरी सांगणे, हीच शेजारधर्माची सुरुवात आहे.