मॉन्स्टेराच्या पानांना भोकं का असतात?

मॉन्स्टेराचं पान उलगडतानाच भोकं घेऊन येतं. गुंडाळलेल्या कोवळ्या पानातल्या ठरावीक पेशी आपणहून मरतात आणि पान वाढतं तशी ती जागा रुंदावते.

दक्षिण मेक्सिको ते पनामाच्या जंगलात हा वेल झाडांवर चढतो. तिथे ऊन कवडशांनीच झिरपतं. तेवढ्याच पेशींचं पान भोकांमुळे जास्त जागेवर पसरतं, त्यामुळे कवडसा पुरता हुकत नाही, असं स्पष्टीकरण संशोधक क्रिस्टोफर म्यूर यांनी २०१३ मध्ये मांडलं.

घरी वाढलेल्या रोपालाही पानं अखंडच येत असतील, तर बहुधा उजेड कमी पडतोय. कुंडी पूर्वेच्या खिडकीशी ठेवा; दुपारच्या उन्हात पानं करपतात. आधाराला मॉसची काठी द्या, हवेतली मुळं तिला धरतात. बोटाची दोन पेरं मातीत खुपसा. कोरडं लागलं तरच पाणी घाला. पावसाळ्यात माती लवकर वाळत नाही, तेव्हा रोजच्या पाण्याने मुळं कुजतात. फांदी लावायची तर पेरासकट कापा, नुसत्या पानाला नवा कोंब फुटत नाही.

पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावल्यास तोंडाची आग होते, म्हणून लहान मुलं आणि मांजरांपासून कुंडी लांबच बरी.