दल सरोवरातली ‘मगर’

मे २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात पाणवनस्पती काढताना मगरीच्या तोंडाचा एक मासा हाती लागला. त्याआधी महिनाभर भोपाळच्या बड्या तलावात तसाच एक गळाला लागला होता. असा मासा दिसला की तीन गोष्टी हमखास ऐकू येतात : हा मगर आणि माशाचा संकर आहे, माणसं खातो, आणि डायनासोरच्या काळापासून तळाशी दडून बसला होता.

संकराचं लगेच निकालात काढू. हा ॲलिगेटर गार, मूळचा मिसिसिपीच्या खालच्या खोऱ्यातला आणि मेक्सिकोच्या आखाताकाठचा. मगरीशी साम्य जबड्यापुरतं. बाकी निखळ मासा. त्याने माणसावर हल्ला केल्याची खात्रीलायक नोंद एकही नाही. उलट माणसानेच १९३०च्या दशकात टेक्सासमध्ये गार मारायला विजेचे झटके देणारी बोट बांधली होती. त्याचं मांस लुइझियानात आवडीने खातात. विषारी असते ती गाबोळी. तिच्या नावाने तोंडाला पाणी सुटणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

डायनासोरची गोष्ट मात्र अर्धी खरी आहे, आणि तो अर्धा भाग आपल्या घरचा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या लमेटा नावाच्या, डायनासोरच्या काळातल्या खडकथरांत गार कुळातल्या माशांचे जीवाश्म मिळाले. जीवाश्मतज्ज्ञ आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ साली त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. विदर्भात डायनासोर हिंडत होते तेव्हा तिथल्या पाण्यात गार होते! पण ते कुळ आपल्याकडून केव्हाच नाहीसं झालं. आता तळ्यांत सापडतात ते त्यांचे वंशज नव्हेत, फार तर लांबचे भाऊबंद.

मग हे आले कुठून? तळातल्या गाळापेक्षा शोभेच्या माशांच्या दुकानाकडे बोट दाखवावं लागतं. तिथे वीतभर पिल्लू मिळतं, आणि ते भराभर वाढतं. २०११ साली मिसिसिपीतल्या चोटार्ड तळ्यात जाळ्यात अडकलेला गार १४८ किलोंचा आणि अडीच मीटरहून लांब होता. काचेच्या टाकीत मासा मावेनासा झाला की मालकाला दया येते, आणि ‘जीवदान’ म्हणून तो तळ्यात जातो. तिथे आपोआप मरेल हाही भ्रमच. पाण्यात प्राणवायू कमी पडला तर गार पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो, आणि पोट भरायला स्थानिक मासे असतातच. अर्थात एक गार सापडला म्हणून तलावभर पिलावळ झाली असंही नव्हे : मादी वयात यायला दहाएक वर्षं लागतात, शिवाय अंडी घालायला पुराने बुडालेली गवताळ जमीन लागते.

पण सोडलेला मासा परत पकडणं सोपं नाही. २०२२ साली चीनमधल्या रुझोउ शहरात दोन गारांसाठी अख्खं तळं उपसलं, त्यात महिना गेला. तेव्हा टाकी लहान पडू लागली तर मासा दुकानदाराला परत करा किंवा मत्स्यव्यवसाय विभागाला विचारा. तळ्यात, विहिरीत, देवळाच्या कुंडात मात्र सोडू नका.