थंडीत पळताय? मग थोडं कुडकुडा!

काल पहाटे गंगापूर रोडवर एक मुलगा भेटला. जाड जॅकेट, मफलर, माकडटोपी. दोन किलोमीटरमध्ये घामाने निथळला आणि चहाच्या टपरीवर थांबला तर दात वाजायला लागले!

मीही पहिल्या हिवाळ्यात हेच केलं होतं.

पळताना शरीर भरपूर उष्णता तयार करतं. म्हणून घरातून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दहा मिनिटांत अंग तापतं.

सुती बनियन घाम धरून ठेवतं आणि ओलं कापड अंगातली ऊब भराभर ओढून घेतं. आत घाम सुकवणारा टी-शर्ट, वर पातळ विंडचीटर. हातमोजे आणि कानपट्टी मात्र हवीच, कारण गारठ्यात हातापायांच्या बोटांकडचा आणि कानांकडचा रक्तपुरवठा कमी होतो.

आपल्या निफाडला पारा कधीकधी ५ अंशांखाली जातो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. अशा दिवशी पहिला किलोमीटर अगदी रमतगमत. स्नायू आखडलेले असतात, उगाच शर्यत लावू नका. तहान लागत नाही, तरी पाणी प्या. दमा असेल तर नाकातोंडावर रुमाल बांधा आणि डॉक्टरांना आधी विचारा.

लडाखमध्ये २०२३ च्या फेब्रुवारीत गोठलेल्या पँगाँग सरोवरावर २१ किलोमीटरची शर्यत झाली. त्यापुढे आपला गारठा म्हणजे गुलाबी थंडीच!

पळून झालं की गप्पा नंतर, आधी ओले कपडे बदला.