आलेखाची रेषा आणि बँकेचे भवितव्य

५ मार्च २०२० रोजी दुपारी येस बँकेच्या समभागाचा आलेख पाहणाऱ्यास, संकट आता टळत आहे, असेच वाटले असते. भारतीय स्टेट बँक मदतीस पुढे येणार, या वृत्ताने समभागाचा भाव एका दिवसात सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढून ३६ रुपयांच्या वर गेला होता. त्याच सायंकाळी बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि ठेवीदारांस ५०,००० रुपयांपेक्षा अधिक रक्कम काढता येईना. दुसऱ्या दिवशी भाव काही काळ साडेपाच रुपयांपर्यंत कोसळला.

समभागांच्या आलेखांचे अभ्यासक भाव, उलाढाल आणि चलसरासरी यांवरून बाजाराचा कल ओळखतात. बँकेविषयी जे जे ज्ञात आहे ते भावात उतरलेलेच असते, हे त्यांचे मूळ गृहीतक होय. ते सर्वस्वी चुकीचे म्हणता येणार नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये हाच समभाग ४०० रुपयांच्या वर होता. संस्थापक राणा कपूर यांनी ३१ जानेवारी २०१९ नंतर प्रमुखपदी राहू नये, असा रिझर्व्ह बँकेचा निर्णय सप्टेंबरमध्ये जाहीर होताच, २१ सप्टेंबर रोजी भाव सुमारे तीस टक्क्यांनी घसरला. आदल्या दिवसाचा भाव आणि त्या दिवसाचा आरंभ यांत आलेखावर मोठी फट पडली. त्या फटीचा इशारा ज्यांनी मानला, त्यांचे भांडवल वाचले.

परंतु पुढचा प्रवास पाहावा. फेब्रुवारी २०१९ मध्ये, थकीत कर्जांच्या नोंदींत रिझर्व्ह बँकेला तफावत आढळली नाही, असे बँकेने कळविले. दुसऱ्याच दिवशी भाव सुमारे तीस टक्के उसळला. मार्चअखेर तो २७० रुपयांच्या पुढे होता. तळ वर सरकत होते, म्हणजे आलेखाच्या भाषेत प्रकृती सुधारत होती. एप्रिलच्या अखेरीस १,५०७ कोटी रुपयांचा तिमाही तोटा जाहीर झाला आणि ती सारी सुधारणा एका दिवसात बरीचशी पुसली गेली. थकीत कर्ज ताळेबंदात येईपर्यंत आलेखास ते दिसत नाही. त्यास दिसते ती माणसांची समजूत.

बँकेच्या बाबतीत ही मर्यादा अधिक जाचक ठरते. कापड गिरणीचा समभाग पडला म्हणून तिचे माग थांबत नाहीत. बँकेचा कच्चा माल मात्र विश्वास आहे. सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस सुमारे २.०९ लाख कोटी रुपये असलेल्या या बँकेच्या ठेवी डिसेंबरअखेर १.६६ लाख कोटींवर आणि ५ मार्चपर्यंत १.३७ लाख कोटींवर आल्या होत्या. खरा आलेख हा होता. पण डिसेंबर तिमाहीचे निकाल लांबणीवर पडल्याने तो जगासमोर आला १४ मार्चला, म्हणजे निर्बंधांनंतर. १८,५०० कोटींहून अधिक तोटाही त्याच दिवशी कळला.

आणखी एक गोष्ट कोणत्याही रेषेत मावत नाही, ती म्हणजे नियामकाचा निर्णय. मोठी बँक बुडू द्यावयाची की सावरावयाची, हे बाजारात ठरत नाही. पुनर्रचना योजनेनुसार स्टेट बँकेने प्रत्येकी १० रुपये दराने ६,०५० कोटी रुपये गुंतविले. १८ मार्चला निर्बंध उठले आणि ठेवीदारांची पूर्ण रक्कम सुरक्षित राहिली. समभागधारकाची गोष्ट निराळी होती. शंभर किंवा त्याहून अधिक समभाग असणाऱ्यांचे पंचाहत्तर टक्के समभाग तीन वर्षांसाठी गोठविण्यात आले. एकाच बँकेत ठेव आणि समभाग दोन्ही असलेल्या ग्राहकास त्या एका आठवड्यात दोन भिन्न अनुभव आले.

विक्रीस फारच थोडे समभाग उरल्याने १८ मार्चला भाव काही काळ ८७ रुपयांवर पोहोचला. केवळ आलेख पाहणाऱ्यास ती नवी तेजी वाटली असावी. चारच महिन्यांनी, जुलै २०२० मध्ये, याच बँकेने नवे समभाग विक्रीस काढले, ते प्रत्येकी १२ रुपयांना.