पुरातत्त्वशास्त्र : शिक्षण आणि उपजीविका

पदवी परीक्षांचे निकाल लागले की घरोघरी पुढील शिक्षणाची चर्चा सुरू होते. एखाद्या मुलाने वा मुलीने पुरातत्त्वशास्त्राचे नाव काढले, तर “हे शिकून पोट भरेल का?” असा पालकांचा पहिला प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे.

पुरातत्त्व म्हणजे पुरलेल्या वस्तूंचा शोध, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः वस्तू कोणत्या थरात व कशासोबत सापडली, याची नोंद हा या शास्त्राचा प्राण होय. कारण एकदा खणलेला थर पुन्हा रचता येत नाही. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. घरांच्या जमिनी, चुली, जळके धान्य व हाडे यांवरून सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे जीवन उलगडले. अशा कामास वनस्पती, प्राणी व रसायन या शास्त्रांचे ज्ञान लागते. म्हणून विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनाही येथे वाव आहे.

बारावीनंतर इतिहास किंवा प्राचीन भारतीय संस्कृती हा विषय घेऊन पदवी मिळवता येते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात कोणत्याही शाखेच्या पदवीधरास पुरातत्त्वशास्त्रात एम. ए. करता येते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ग्रेटर नोएडा येथील संस्थेत दोन वर्षांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. तेथे प्रवेश मोजक्यांनाच मिळतो.

पुढे १८६१ मध्ये स्थापन झालेले हे सर्वेक्षण, राज्याचे पुरातत्त्व संचालनालय, वस्तुसंग्रहालये, स्मारकांचे जतन, तसेच ‘नेट’ परीक्षेनंतर अध्यापन, असे मार्ग आहेत. मात्र पदे थोडी आहेत व आरंभीची काही वर्षे कंत्राटी कामात जाऊ शकतात. यास्तव एखादे खास कौशल्य जोडीला असावे : मोडी वा ब्राह्मी लिपी, नाणकशास्त्र, संगणकीय नकाशे, रेखाटन. वसईच्या किल्ल्यातील भग्न चर्चमध्ये पोर्तुगीज थडगेलेख आहेत. ते वाचण्यास ती भाषा जाणणारे अभ्यासक हवेत.

या क्षेत्राशी आपला संबंध जुना आहे. येशूसंघीय धर्मगुरू फादर हेन्री हेरास यांनी १९२६ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहास संशोधन संस्था स्थापन केली. डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्व संशोधनाचा पाया घालणारे डॉ. हसमुख सांकलिया हे त्यांचेच विद्यार्थी.

पालकहो, केवळ पगाराकडे पाहून पाल्यास अडवू नये, तसेच केवळ हौसेपोटी पाठवूही नये. प्रवेशापूर्वी त्याला एखादे वस्तुसंग्रहालय नीट पाहू द्यावे, शिकणाऱ्या विद्यार्थ्यांशी बोलू द्यावे. उन्हात दिवसभर बसून खापराच्या तुकड्यांवर क्रमांक घालण्याचा ज्याला कंटाळा येणार नाही, त्याने ही वाट खुशाल धरावी.