वाट अडविण्याची जबाबदारी

वाचकहो, आपल्या वऱ्हाडात वावराच्या वाटेवरून जेवढी भांडणे होतात, तेवढी क्वचितच दुसऱ्या कशावरून होत असतील. ऐन मृगात शेजाऱ्याने धुऱ्यावर काट्या टाकल्या, पांदण बंद केली, की बैलबंडी आत जाणार कशी आणि पेरणी होणार कशी? मग अर्ज तहसील कचेरीत जातो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल कायद्यातले १४३ वे कलम अशाच वेळी कामी येते. तहसीलदार जागेवर येतात आणि विचारतात : या वावरात जायला दुसरी वाट आहे काय? वहिवाट कधीपासूनची? वाट काढून दिली तर शेजाऱ्याचे नुकसान किती? ज्याची वाट अडली त्याने गेल्या पोळ्याला शेजाऱ्याला शिव्या दिल्या होत्या काय, हे मात्र ते विचारीत नाहीत. शिव्यांचा दावा असलाच तर तो वेगळा चालतो.

राज्याराज्यांमध्ये वाट अडविली जाते तेव्हा तिला नाकेबंदी म्हणतात. पॅलेस्टाइनच्या, म्हणजे मुख्यतः गाझा पट्टीच्या नाकेबंदीच्या बातम्या आपण अनेक वर्षे ऐकत आलो आहोत. तिथे जबाबदार कोण, असे शाळेतली मुले विचारतात आणि शिक्षकांची पंचाईत होते. एक म्हणतो इस्राएल, दुसरा म्हणतो हमास, तिसरा इजिप्तकडे बोट दाखवितो. या प्रश्नाकडे जाण्यापूर्वी आपल्याच मुलखातली दोन-तीन उदाहरणे पाहू, कारण नाकेबंदी ही गोष्ट आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

पहिले उदाहरण तर आपल्या दाराशीच आहे. वणी तालुक्याच्या दक्षिणेला पैनगंगा. १९४८ पर्यंत या नदीच्या पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान होते. आदिलाबाद जिल्हा तिकडचा, राजुराही तिकडचाच. गंमत अशी, की वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचेच होते आणि त्याच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताब होता. पण कारभार नदीच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरा. सोयरीक मात्र दोन्ही काठांवर.

हैदराबाद हे सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे, १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे एक कोटी त्रेसष्ट लाख वस्तीचे संस्थान. पण त्याला समुद्र नव्हता. चहूबाजूंनी मुंबई, मद्रास आणि मध्यप्रांत-वऱ्हाड. मिठाचा खडासुद्धा भारतातूनच यायचा. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताशी जैसे थे करार झाला, पण तो दोन्ही बाजूंना टोचत राहिला. निजाम सरकारने भारतीय चलनावर निर्बंध घातले, पाकिस्तानला वीस कोटींचे कर्ज देऊ केले. रझाकारांनी आत प्रजेचा छळ मांडला आणि सीमेवरच्या गावांनाही ते उपद्रव देऊ लागले. इकडून माल अडू लागला. २१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे गाऱ्हाणे नेले. त्यात आर्थिक नाकेबंदीची तक्रार होती : औषधे मिळत नाहीत, इंधन मिळत नाही. भारत सरकारचे म्हणणे असे, की शस्त्रास्त्रे आणि तत्सम वस्तूंवर बंदी आहे, सरसकट नाकेबंदी आम्ही पुकारलेलीच नाही.

इथे जरा थांबू. ‘आम्ही पुकारलेली नाही’ हे उत्तर नाकेबंदीच्या इतिहासात वारंवार येते. हुकूम कागदावर नसतो. परवाना मात्र मिळत नाही, मालाचा डबा कुठल्यातरी स्टेशनावर पडून राहतो, नाक्यावरचा शिपाई ‘उद्या या’ म्हणतो. माल अडला हे खरे, पण अडविला कुणी हे सापडत नाही. आणि ज्यासाठी म्हणून हे सगळे करायचे, ती शस्त्रे? ती सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानाने आणून देतच होता. वरून बंदुका उतरत होत्या आणि खाली दवाखान्यात औषध नव्हते. रझाकारांचे पाप मोठे होते यात मला तिळमात्र शंका नाही, आणि शस्त्रे अडविण्याचा भारताचा हक्कही मला मान्य आहे. तरी आजारी माणसाचे औषध जिथे अडले असेल तिथली जबाबदारी रझाकारांच्या नावावर टाकता येत नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी फौजा आत गेल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली, आणि नाकेबंदीचा प्रश्न निकाल न लागताच मागे पडला.

निकाल लागला तो दुसऱ्या एका प्रकरणात, आणि त्यात चक्क पेशव्यांचे दप्तर निघाले. ते प्रकरण सविस्तर सांगण्याजोगे आहे.

दमण हे समुद्रकाठचे पोर्तुगीज ठाणे. तिथून आत, चारही बाजूंनी भारताच्या भूमीने वेढलेली दादरा आणि नगर हवेली ही दोन बेटे. पाण्यातली नव्हेत, जमिनीतली. ती पोर्तुगिजांकडे आली कशी? १७ डिसेंबर १७७९ रोजी सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. त्याअन्वये सालीना बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगिजांना लावून देण्यात आली. पुढे १७८३ व १७८५ मध्ये सनदा निघाल्या. मग इंग्रज आले, मराठेशाही गेली, पण ही गावे पोर्तुगिजांकडे राहिली, आणि दमणहून तिथे जाण्यायेण्याची वाट मधल्या इंग्रजी मुलखातून चालू राहिली.

१९५४ च्या जुलैत २१-२२ च्या रात्री गोवेकर स्वयंसेवकांनी दादरा घेतले. २ ऑगस्टला आझाद गोमंतक दल आणि इतर स्वयंसेवकांनी सिल्वासा सर केले. आपले लाडके गायक-संगीतकार सुधीर फडके हेही त्या मोहिमेत होते, हे पुष्कळांना ठाऊक असेल. दमणच्या पोर्तुगीज गव्हर्नरने तिकडे माणसे पाठवायला वाट मागितली. भारताने ती नाकारली. पोर्तुगाल २२ डिसेंबर १९५५ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला : आमची वाट अडविली.

म्हणजे पाहा, दावा आपल्या पांदणीसारखाच. वावर आमचे, मधली जमीन शेजाऱ्याची, वहिवाट पूर्वापार. भारतातर्फे ॲटर्नी जनरल एम. सी. सेटलवाड उभे राहिले. खास न्यायाधीश म्हणून मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले एम. सी. छागला बसले. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. न्यायालयाने मराठ्यांच्या तहातील आणि सनदांतील शब्दांचा कीस पाडला आणि सांगितले, की पेशव्यांनी दिला तो सरंजाम होता. गावांचा महसूल दिला, राज्य दिले नव्हते. (हेगच्या न्यायमूर्तींना ‘सरंजाम’ समजून घ्यावा लागला, याचे मला अजून कौतुक वाटते.) पण पुढे इंग्रजांनी आणि नंतर भारतानेही पोर्तुगिजांची सत्ता व्यवहारात मानली होती, आणि सव्वाशे वर्षांहून अधिक काळ सामान्य माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांची ये-जा विनाअडथळा चालली होती. एवढी जुनी वहिवाट म्हणजे दोन राज्यांमधला कायदाच होय. अकरा विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने हा हक्क मान्य केला. सशस्त्र शिपाई, फौज आणि दारूगोळा यांना मात्र परवानगी लागतच आली होती. म्हणून त्यांचा हक्क आठ विरुद्ध सात, म्हणजे एकाच मताने, नाकारला. मग भारताने वाट अडविली ती चूक की बरोबर? नऊ विरुद्ध सहा मतांनी न्यायालय म्हणाले, की दादरा पडल्यावर भोवतालच्या मुलखात तंग वातावरण होते. अशा वेळी वाट रोखणे हे भारताच्या नियंत्रणाच्या अधिकारात बसते, भारताने कर्तव्यभंग केला नाही.

शिक्षकबंधूंनी या निकालाची रचना नीट पाहावी. न्यायालयाने ‘वाट’ ही एकच गोष्ट धरली नाही. माणूस आणि धान्य एका टोपलीत, बंदूक दुसऱ्या टोपलीत. जमिनीच्या मालकाला नियंत्रणाचा हक्क दिला, पण सामान्य माणसाची वहिवाट मालकाच्या मर्जीवर सोडली नाही.

याच काळात गोव्याची वाटही बंद झाली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी नि:शस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. पत्रादेवीला पंजाबचे कर्नेलसिंग पडले, एकूण वीसहून अधिक सत्याग्रही हुतात्मे झाले. त्यानंतर भारताने सीमा आवळली. कॅसलरॉककडून मोरमुगावला जाणारी रेल्वे थांबली, व्यापार थांबला, जाण्यायेण्याला परवाने लागू लागले. सत्याग्रहींनाही आत जायला मनाई झाली. बेळगावची भाजी आणि मुंबईत नोकरी करणाऱ्या गोवेकरांचा घरी येणारा पैसा, दोन्हींना खीळ बसली.

सालाझारचे सरकार त्याने वाकले काय? नाही. समुद्र त्याच्या हातात होता. मोरमुगाव बंदरातून लोहखनिज जपानला आणि पश्चिम जर्मनीला जात राहिले आणि चार पैसे येत राहिले. हॉलंडचे बटाटे गोव्याच्या बाजारात आले. दाभोळीला विमानतळ बांधून कराचीशी विमाने चालू झाली. खाणमालक आणि चोरटा व्यापार करणारे गबर झाले. सोसले ते सीमेवरच्या आणि गोव्यातल्या साध्या माणसांनी. १९६१ च्या डिसेंबरात गोवा सुटला तो लष्करी कारवाईने. तरीसुद्धा गोव्याला उपासमार झाली नाही, कारण दुसरी वाट उघडी होती. तहसीलदारांचा तो प्रश्न किती मोलाचा आहे, हे इथे कळते.

आता गाझाकडे वळू. आपल्या यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेतेरा हजार चौरस किलोमीटर, आणि २०११ ची लोकसंख्या पावणेअठ्ठावीस लाखांच्या आसपास. गाझा पट्टी सुमारे ३६५ चौरस किलोमीटरची, आणि तीत वीस लाखांहून अधिक माणसे. त्यांतली बहुतेक १९४८ च्या युद्धात घरदार सोडून आलेल्या निर्वासितांची कुटुंबे. १९६७ च्या युद्धात इस्राएलने ही पट्टी इजिप्तकडून घेतली. २००५ साली इस्राएलने आपले सैन्य आणि वसाहती तिथून काढल्या, पण आकाश, समुद्र आणि नाके आपल्या हाती ठेवले. २००६ च्या निवडणुकीत हमास जिंकला, २००७ च्या जूनमध्ये त्याने गाझाचा ताबा घेतला, आणि नाके आवळले गेले. दक्षिणेचे रफाह हे इजिप्तच्या सीमेवरचे नाके; ते इजिप्तनेही वर्षानुवर्षे बहुतांशी बंदच ठेवले. समुद्रात जानेवारी २००९ पासून इस्राएलच्या आरमाराची नाकेबंदी. म्हणजे गोव्याला होता तसा समुद्र गाझालाही आहे, पण तो नकाशावर.

आत काय जाऊ द्यायचे याची यादी असे. २०१० पर्यंत धने, जिरे, आले, वेलदोडे हे जिन्नससुद्धा अडविल्या जाणाऱ्या मालात होते. बंदुकीत धने घालता येत नाहीत, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. २००८ साली इस्राएलच्या अधिकाऱ्यांनी एक हिशेब मांडला होता : गाझातल्या माणसाला दिवसाकाठी २,२७९ कॅलरी पुरतात, त्यासाठी इतके ट्रक लागतील. इस्राएलमधल्याच एका संस्थेने कोर्टात झगडून २०१२ साली तो कागद बाहेर काढला. तो केवळ मसुदा होता, अमलात आणला नाही, असे सरकारने सांगितले. पण शेजाऱ्याच्या ताटातल्या कॅलरी मोजण्याची वेळ ज्याच्यावर येते, त्याच्या हाती शेजाऱ्याचे ताट आहे, एवढे तर त्या कागदावरून ठरतेच.

दुसऱ्या बाजूचे खातेही मोठे आहे. गाझातून इस्राएलच्या गावांवर वर्षानुवर्षे अग्निबाण सुटले. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने हल्ला करून सुमारे बाराशे माणसे मारली आणि २५१ जणांना धरून नेले. हा गुन्हा होता, आणि त्याची जबाबदारी पूर्णपणे करणाऱ्यांची. शस्त्रे रोखण्याचा इस्राएलचा हक्क हेगच्या दुसऱ्या टोपलीतला आहे. पण दोनच दिवसांनी इस्राएलच्या संरक्षणमंत्र्यांनी वीज, अन्न, इंधन सगळे बंद, असा वेढा जाहीर केला. आणि २ मार्च २०२५ पासून सुमारे अकरा आठवडे तर कोणताच माल आत जाऊ दिला नाही. २२ ऑगस्ट २०२५ रोजी अन्नसुरक्षेची पाहणी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने गाझा शहराच्या भागात दुष्काळ पडल्याचे जाहीर केले. पाऊस न पडल्याने आलेला हा दुष्काळ नव्हे; धान्याचे ट्रक सीमेपलीकडे उभे होते.

जबाबदारी कशी वाटावी, याचे उत्तर हेगच्याच न्यायालयाने १९ जुलै २०२४ च्या सल्लामतात दिले आहे. इस्राएल म्हणे, २००५ नंतर गाझा आमच्या ताब्यात नाही. न्यायालयाचे उत्तर असे : सैन्य काढले म्हणून सगळी कर्तव्ये संपत नाहीत, प्रत्यक्ष नियंत्रण जेवढे, कर्तव्य तेवढे. हे माप मला पटते, कारण ते सगळ्यांना लावता येते. रफाह बंद ठेवले त्या वर्षांचा वाटा इजिप्तचा. २०१७ साली पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या सांगण्यावरून गाझाची वीज कमी करण्यात आली, तो वाटा प्राधिकरणाचा आणि वीज तोडणाऱ्याचाही. आत आलेल्या मालावर हमासने जे काही केले ते हमासच्या खात्यावर. आणि मे २०२४ मध्ये रफाहचे गाझाकडचे नाकेही इस्राएलच्या सैन्याने घेतले. तेव्हापासून चारही दिशांच्या किल्ल्या एकाच कमरेला लागल्या.

दक्षिण आफ्रिकेने आणलेल्या दाव्यात २८ मार्च २०२४ रोजी या न्यायालयाने जमिनीवरची नाकी वाढवून मदत विनाअडथळा आत जाऊ द्यावी, असा हुकूम इस्राएलला दिला होता. २२ ऑक्टोबर २०२५ च्या सल्लामतात ते आणखी पुढे गेले : संयुक्त राष्ट्रांच्या मदतीची वाट मोकळी करणे हे इस्राएलचे कर्तव्य आहे, आणि उपासमार हे युद्धाचे हत्यार म्हणून वापरता येत नाही. तहसीलदाराचा हुकूम शेजाऱ्याने जुमानला नाही तर पोलीस घेऊन काट्या काढता येतात. हेगच्या न्यायालयाजवळ पोलीस नाहीत. त्याचे हुकूम बजावण्याचे काम सुरक्षा समितीचे, आणि तिथे पाच मोठ्या राष्ट्रांपैकी एकाने हात वर केला की काम अडते.